एकाच बाजूला फिरणारं कडं

आमच्या फ्रीजच्या दारावर एक यादी लटकते. हस्ताक्षर बायकोचं, मथळा एकाच शब्दाचा: 'अर्धवट'. गेली चार वर्षं ती एका काळ्या गोल चुंबकाखाली तिथं आहे आणि पाणी प्यायला आलेला प्रत्येक पाहुणा ती वाचतो. न्हाणीघरातला नळ (गळायचा थांबला, पण आता उघडतच नाही). स्टूल (तीन पाय पक्के). पडद्याची दांडी (फक्त डावी बाजू). दारावरची घंटा (वाजते, पण थांबत नाही). कंसातले शेरेही तिचेच. प्रत्येक कामापुढं खूण करायला तिनं एक छोटा चौकोन काढून ठेवलाय. आजवर एकाही चौकोनात खूण झालेली नाही.

आणि मी पडलो नोंदणी कचेरीतला माणूस. वीस वर्षांत माझ्या खिडकीतून अर्धवट भरलेला एकही अर्ज पुढं सरकलेला नाही. एक सही कमी असली तरी मी तो शांतपणे परत देतो आणि 'पूर्ण करून आणा' म्हणतो. अशा माणसाला रोज सकाळी फ्रीजमधून दूध काढताना स्वतःच्या नावावरची ही यादी वाचावी लागते, तेव्हा त्याच्या मनाचं काय होत असेल ते ज्याचं त्यानं ओळखावं. घड्याळाचं पुढचं सगळं रामायण त्या यादीमुळे घडलं, असं मी म्हणतो. बायको म्हणते, माझ्यामुळे घडलं.

गुरुवारी संध्याकाळी मेहुणा आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पोटासाठी पाण्याखाली जातो. बंदरातल्या धक्क्याचे खांब खाली कुठं झिजलेत, कुठं तडे गेलेत, ते बुडी मारून चाचपून बघायचं, हे त्याचं काम. त्यानं मनगटावरचं जाडजूड घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ज्या वस्तादांनी त्याला हे काम शिकवलं, त्यांनी निवृत्त होताना स्वतःच्या हातातलं काढून दिलेलं. काचेभोवती मिनिटांचे आकडे कोरलेलं एक कडं होतं.

"उतरताना ह्याच्यावरचा हा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा," त्यानं मला समजावलं, "म्हणजे खाली किती मिनिटं झाली ते नुसत्या नजरेनं कळतं. हवा किती उरली त्याचा अंदाज त्यावरून. हल्ली मनगटावर कॉम्प्युटर असतो म्हणा. पण मागच्या महिन्यात मी खाली असतानाच तो बंद पडला, तेव्हा ह्या कड्यानंच मला वर आणलं. आता तेच जाम झालंय. दोन्ही हातांनी जोर लावला तरी हलत नाही, आणि सोमवारी सकाळी दहाला उतरायचंय. कुणाकडे देऊ, भाऊजी?"

"कुणाकडे कशाला?" मी म्हणालो.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. मेहुण्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि एकदा त्या स्टुलाकडे, ज्याच्यावर बसायचं टाळून तो मघापासून उभा होता. पण स्वभावानं भिडस्त. नाही म्हणवेना त्याला.

"रविवारी चारला येतो न्यायला," तो म्हणाला. "जपून हं. वस्तादांचं आहे."

शुक्रवारी मी रजा टाकली. बायको कामावर निघता निघता म्हणाली, "वाटीभर कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका आणि ठेवा बुडवून. समुद्राचं मीठ बसलं असणार आत, दुसरं काय." मी तिला समजावलं की यंत्र ही गोष्ट वेगळी आणि भांडी घासणं वेगळं. ती गेल्यावर मी रबरी हातमोजे घालून कडं पिळलं, शिवणयंत्राचं तेल सोडून पिळलं, घड्याळ गुडघ्यांत धरून पिळलं. गुडघा लाल झाला. शेवटी, निव्वळ प्रयोग म्हणून, वाटीभर कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले.

वीस मिनिटांत पाणी राखाडी झालं. जुन्या मऊ ब्रशनं फटीतून घासलं, कडं चिमटीत धरलं आणि फिरवलं. टिक. पुन्हा फिरवलं. टिक, टिक, टिक. प्रत्येक खाच बोटांना नीट कळत होती. साठ मिनिटांचा पूर्ण फेरा मी तीनदा काढला आणि रिकाम्या घरात चक्क हसलो.

शहाण्या माणसाची गोष्ट इथं संपली असती. मी मात्र कडं दुसऱ्या बाजूला फिरवून बघितलं. घड्याळाचे काटे ज्या दिशेनं जातात त्या दिशेला ते तसूभर हलेना. जात होतं ते फक्त उलटं. आता तुम्हीच सांगा, घड्याळावरची एखादी वस्तू फक्त उलटीच फिरत असेल तर तिला कुणी दुरुस्त म्हणेल का? अर्धं काम झालं होतं. 'घड्याळ (एकाच बाजूला फिरतं)' हा शेरा मला फ्रीजवर लिहिलेला स्वच्छ दिसला. रविवारी चारपर्यंत तो पुसायचा असं मी ठरवलं.

नेमके त्याच वेळी मायक्रॉन खाली आले. मायक्रॉन म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर. दूध किती घालू विचारलं तरी ते मायक्रॉनमध्ये सांगतील, म्हणून बिल्डिंगनं त्यांना ते नाव ठेवलंय. ते आले होते आमच्या घंटेची तक्रार करायला, पण घड्याळ दिसल्यावर बसले. दोन्ही बाजूंना फिरवून बघितलं.

"पन्नास टक्के कार्यक्षमता," त्यांनी निदान केलं. "आत काहीतरी अडकलंय. कडं काढल्याशिवाय गत्यंतर नाही."

"निघतं का ते?"

"जे बसवलेलं असतं ते निघतंच."

सल्ला द्यायचा, हात लावायचा नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम. तो त्यांनी निवृत्तीनंतरही पाळलाय. मी बायकोच्या केस वाळवायच्या यंत्रानं कडं गरम केलं. मी पातळ सुरीचं टोक फटीत सारलं. "अजून दोनशे मायक्रॉन," ते मागून म्हणाले. मी दोनशे मायक्रॉन जोर लावला. टक झालं, कडं उडून मांडीवर पडलं, आणि काहीतरी चकचकीत माझ्या डाव्या कानाशेजारून गेलं.

"काय होतं ते?" मी विचारलं.

"स्प्रिंग असावी," मायक्रॉन म्हणाले. "नखाएवढी. पण हे बघा, रोगाचं मूळ सापडलं." कड्याच्या खालच्या अंगाला सगळीकडे बारीक दाते होते आणि सगळे एकाच बाजूला कललेले. "झिजून कललेत. उघड आहे."

मी फ्रीजवरचा चुंबक काढून आणला आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसल्यासारखा तो सगळीकडे फिरवला. टेबलाखाली, कपाटाखाली, पायपुसण्यावर. दुसऱ्या फेरीला मायक्रॉननी मला थांबवलं. "घड्याळातली स्प्रिंग स्टेनलेस असते. चुंबकाला ती चिकटणारच नाही. हा पोरखेळ सोडा." इंजिनिअर माणूस, चाळीस वर्षांचा अनुभव. मी ओशाळून उठलो आणि चुंबक पुन्हा त्या यादीवर थापला.

मग कडं तसंच दाबून बसवलं. आणि काय सांगू, ते दोन्ही बाजूंना फिरायला लागलं, अगदी सुळकन. टिक वाजत नव्हतं, एवढाच काय तो फरक. "घर्षण गेलं," मायक्रॉन समाधानानं म्हणाले. "स्प्रिंग जास्तीचीच होती." आणि ते जेवायला वर गेले.

संध्याकाळी बायकोनं घड्याळ हातात घेतलं, इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. "सकाळी फोनवर तर म्हणालात टिकटिक वाजतंय. आवाज कुठं गेला?"

"तो बिघाडाचा आवाज होता."

 तिनं नुसतं यादीकडे बघितलं. खरं सांगायचं तर त्या रात्री मलाही तो आवाज आठवत राहिला. उरलेला भाग जास्तीचा असतो, हे स्टुलाच्या वेळीही मी मानलं होतं.

म्हणून शनिवारी सकाळी त्या कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. काचेचं दार, थंडगार हवा, यंत्रातून निघणारं टोकन. पाऊण तासानं माझा आकडा लागला. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज पुढं सरकवला. घड्याळाचा क्रमांक, खरेदीची तारीख, खरेदीची पावती, मालकाची सही.

"मालक माझा मेहुणा आहे," मी म्हणालो.

"मग त्यांना घेऊन या."

"त्याच्या नकळत करायचंय."

बाईंनी मान वर केली. "बिघाडाचं स्वरूप लिहा. आणि हा रकाना सोडलात. बिघाड आपोआप झाला की हाताळणीमुळे?"

मी लिहिलं, 'कडं फिरतं.' त्यांनी वाचलं. "फिरतं हा बिघाड कसा?" मी म्हटलं, जरा जास्तच फिरतं. पाच ते सहा आठवडे लागतील, त्या म्हणाल्या. उद्या चारपर्यंत हवंय, मी म्हणालो. त्यांनी अत्यंत शांतपणे अर्ज माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाल्या, "पूर्ण करून आणा." इतकी वर्षं मी तो स्वर दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो. समोरच्या बाजूनं तो कसा लागतो ते त्या दिवशी समजलं.

बाहेर पडलो तो दोन गल्ल्या सोडून एक घड्याळजी आहेत तिथं गेलो. स्टेशनरीचं दुकान आणि औषधांचं दुकान यांच्यामधली खुराड्याएवढी जागा, डोळ्याला भिंग लावलेले म्हातारे गृहस्थ. त्यांनी कडं एकदा फिरवलं आणि विचारलं, "कुणी काढली स्प्रिंग?"

"मेहुण्यानं," मी म्हणालो. तोंडातून गेलं खरं.

"का?"

"एकाच बाजूला फिरत होतं ना. म्हणून."

त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. "हे घालणारा खरंच पाण्यात उतरतो का?"

"रोज. कामच आहे ते."

"मग नीट ऐका. खाली हात कुठंही आपटतो. कडं सरकतं. ते उलटंच सरकायला हवं. म्हणजे झालेली मिनिटं खऱ्यापेक्षा जास्त दिसतात आणि माणूस लवकर वर येतो. नुकसान काही नाही. ते दाते मुद्दाम कललेले असतात, ती स्प्रिंग त्यासाठीच असते. आता हे दोन्हीकडे सरकणार. एखाद दिवशी त्याला वाटेल, अजून दहा मिनिटं आहेत."

"आणि?"

"आणि नसतील," ते म्हणाले.

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. ते पुढं म्हणाले, स्प्रिंग घेऊन या, खाचेत बसवायची, वरून कडं दाबायचं, दोन मिनिटांचं काम आहे; पण तीच हवी, दुसरी चालायची नाही, आणि उद्या दुकान बंद.

घरी येऊन मी खोली उलटीपालटी केली. केरसुणी फिरवली आणि केर पिठाच्या चाळणीतून चाळला. सोफा आडवा पाडला. विजेरी फरशीला टेकवून पालथा पडलो. बायको दारात उभी राहून बघत होती. "एवढं काय हरवलंय?" मी म्हटलं, एक सुटा भाग. "जास्तीचा म्हणाला होतात ना?" मी म्हटलं, हो, पण आपल्याकडे असलेला बरा. "आणि ती पिठाची चाळण आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी मेहुण्याला फोन लावला. सगळं सांगून टाकायचं असं पक्कं ठरवूनच लावला होता.

"भाऊजी, झालं का हो?" त्याचा आवाज इतका उमेदीचा होता. "मी आमच्या साहेबांनाही सांगितलं. म्हटलं, माझे भाऊजी करताहेत, काळजी नाही."

"झालं," मी म्हणालो. "जवळजवळ."

फोन ठेवला आणि मला स्वतःची शिसारी आली. तरी पुन्हा लावला नाही. उद्या चारपर्यंत वेळ आहे, सापडेल, असं म्हणत राहिलो. वेळ आहे असं वाटणं म्हणजे काय ते घड्याळजींनी दुपारीच सांगितलं होतं, पण ते पाण्याखालच्या माणसाबद्दल आहे अशी माझी समजूत होती.

रविवारी सकाळपासून मी पायपुसणी झटकत होतो. पावणेचार वाजता बायकोनं हात धरून मला बसवलं. बरोबर चारला घंटा वाजली आणि अर्थातच वाजत राहिली. तिची वायर ओढल्याशिवाय ती थांबत नाही, आणि वायर दाराच्या वर आहे. मी स्टुलावर चढलो. चौथा पाय हवेत. एका हातानं चौकट धरून वायर चाचपडतोय, खाली मेहुणा आत आला, टेबलावरचं घड्याळ उचललं आणि त्या कर्कश आवाजात उभ्या उभ्याच कडं पाव फेरा फिरवलं.

"वा, भाऊजी," तो ओरडून म्हणाला, "लोण्यासारखं फिरतंय." त्यानं ते मनगटावर चढवलं. टिक वाजलं नाही हे घंटेपुढं कळायला मार्गच नव्हता. "ताई, उगाच नावं ठेवतेस तू ह्यांना. काढ ती यादी तिथून. आज फाडायची."

आणि बायको हसली. चार वर्षांत त्या यादीच्या संदर्भात ती पहिल्यांदाच हसली. पदराला हात पुसत फ्रीजकडे गेली आणि तिनं चुंबकावर हात ठेवला. मला जे हवं होतं ते सगळं त्या क्षणी त्या खोलीत होतं. मी फक्त गप्प राहायचं होतं.

वायर हाताला लागली. मी ओढली. घंटा थांबली.

"थांब," मी म्हणालो. शांततेत ते फारच मोठ्यानं ऐकू आलं. "काढू नकोस यादी. आणि तू ते घड्याळ काढ हातातलं. ते दोन्ही बाजूंना फिरतं. माझ्या हातून स्प्रिंग उडाली."

मेहुण्यानं कडं उलट्या बाजूला फिरवलं, मग सुलट्या. दोन्हीकडे ते आवाज न करता गेलं.

"कधीपासून?"

"परवापासून."

"आणि हे धोक्याचं आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल दुपारी."

"काल संध्याकाळी तुम्ही फोन केला होतात."

"हो," मी म्हणालो. अजून स्टुलावरच होतो. उतरायचं सुचलंच नाही.

त्यानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. रागावला असता तर बरं झालं असतं. "मी उद्या हे तपासलंही नसतं, भाऊजी," तो म्हणाला. "तुम्ही दिलंय म्हटल्यावर तसाच उतरलो असतो."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. "आणि साबणाचं पाणीही माझं नाही," मी म्हणालो. म्हटलं, सांगायचंच आहे तर सगळं सांगावं. "ते तुझ्या ताईचं. शुक्रवारी सकाळीच घड्याळ दुरुस्त झालं होतं. पुढचे तीन दिवस मी ते बिघडवत होतो."

 बायकोनं यादी खसकन ओढली, टेबलाशी बसली, पेन उघडलं आणि चुंबक टेबलावर आपटला. "काय लिहू मी आता ह्याच्यावर?" ती म्हणाली. "माझ्या भावाचं काय लिहू?"

टेबलावर बारीकसा किणकिण आवाज झाला. आम्ही तिघांनी खाली बघितलं. चुंबकाच्या मागच्या अंगातून नखाएवढी, दोन्ही टोकांना वाकवलेली एक चकचकीत पट्टी सुटून घड्याळाशेजारी पडली होती. शुक्रवारपासून ती चुंबक आणि यादी यांच्यामधे अडकून होती.

मेहुण्यानं श्वास सोडला. "ताई, भुवयांचा चिमटा आण." घड्याळजींनी सांगितलेलं मी स्टुलावरूनच त्याला सांगत गेलो. त्यानं कडं काढलं, पट्टी खाचेत बसवली, वर रुमाल ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. मी स्टुलावरून उतरून जवळ गेलो. त्यानं कडं उलटं फिरवलं. टिक, टिक, टिक. मग सुलट्या दिशेला जोर लावला. हललं नाही. पुन्हा लावला. हललं नाही. "तुम्ही बघा," तो म्हणाला आणि घड्याळ माझ्याकडे दिलं. मी सगळा जीव एकवटून पिळलं. जागचं ढळलं नाही ते, आणि मला रडू यायचं तेवढं राहिलं.

"उद्या वर आलो की फोन करतो," तो दारातून म्हणाला. घंटा आता वाजतच नव्हती.

सोमवारी दहा वाजल्यापासून खिडकीत बसून मी फोनकडे बघत होतो. पावणेअकरा. अकरा. एका बाईंचा अर्ज समोर आला, त्यावर एक सही नव्हती. मी तो घेऊन ठेवला. शेजारच्या कारकुनानं मला बरं आहे ना म्हणून विचारलं. अकरा वीसला फोन थरथरला.

"भाऊजी, वर आलो." मागं वाऱ्याचा आवाज होता.

"कॉम्प्युटर चालला ना?"

"चालला. पण माझं लक्ष तुमच्या कड्याकडेच होतं. मधे खांबाला हात आपटला आणि ते दोन घरं सरकलं."

"कुठल्या बाजूला?" मी इतक्या जोरात विचारलं की रांग दचकली.

"सरकायचं त्याच. दोन मिनिटं लवकर वर आलो, एवढंच."

संध्याकाळी घरी गेलो तर बायको बाहेर गेली होती. यादी फ्रीजवर पुन्हा आपल्या जागी होती, त्याच चुंबकाखाली. सगळ्यात खाली एक नवी ओळ होती: घड्याळ (एकाच बाजूला फिरतं). पुढच्या चौकोनात तिनं खूण केली होती. मी पेलाभर पाणी ओतून घेतलं आणि येणारे-जाणारे वाचतात तशी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली.